नोकऱ्या गेल्या तरी महागाई, व्याज वाढलं तरी मंदी नाही: कोविडनंतरचा गुंता एका फ्रेट फॉरवर्डरच्या टेबलावरून

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोविडमध्ये जगभर कोट्यवधी लोकांच्या नोकऱ्या गेल्या, दुकानं बंद पडली, मग मागणी पडून भाव उतरायला हवे होते, उलट अमेरिकेत चाळीस वर्षांत नव्हती एवढी महागाई कशी काय आली? ती मोडायला व्याजदर धडाधड वाढवले तेव्हा सगळे म्हणत होते आता मंदी येणार, ती का आली नाही? आणि महागाई कमी झाली म्हणतात तर दुकानातले भाव खाली का येत नाहीत?

मी इकॉनॉमिस्ट नाही हे आधी सांगतो. न्हावा शेवाला फ्रेट फॉरवर्डिंग आणि कस्टम क्लिअरन्सचं काम करतो, म्हणजे माल दुसऱ्याचा, जहाज तिसऱ्याचं आणि मधली सगळी धावपळ आमची. बरीच वर्षं झाली या धंद्यात. याचा एक फायदा असा की जगात कुठे काय तुंबतंय ते पेपरात यायच्या बरंच आधी आमच्या रेट शीटवर, म्हणजे जहाजाच्या भाड्याच्या यादीत, दिसायला लागतं. त्यामुळे मी हे सगळं पोर्टच्या बाजूने सांगणार, पुस्तकातल्या कर्व्हच्या बाजूने नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की २०२१ मध्ये जगात वस्तू कमी नव्हत्या, त्या नको तिथे जाऊन बसल्या होत्या, कंटेनर म्हणा, चिप म्हणा, माणसं म्हणा. आणि नेमकं त्याच वेळी जगातल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाच्या, म्हणजे अमेरिकन माणसाच्या, हातात भरपूर कॅश होती. या दोनपैकी एकच गोष्ट झाली असती तर एवढा भडका उडाला नसता. यातलं एकच टोक धरून बसलं की मग सगळं कोडं वाटायला लागतं.

आता कंटेनरपासून सुरुवात करतो कारण ते मी डोळ्यांनी बघितलंय.

एप्रिल २०२० मध्ये आपल्याकडे कडक लॉकडाऊन होता, त्या महिन्यात भारताची निर्यात आदल्या वर्षीच्या तुलनेत साठ टक्के पडली आणि आयातही जवळपास तेवढीच. लोकांना निर्यात पडल्याची बातमी लक्षात राहिली, पण आमच्या दृष्टीने खरी बातमी आयात पडल्याची होती, कारण एक्स्पोर्टला लागणारा रिकामा डबा, म्हणजे कंटेनर, कुठून येतो? इम्पोर्टचा माल भरून आलेला डबा खाली झाला की तोच एक्स्पोर्टला मिळतो. इम्पोर्टच नाही तर डबा नाही. शिपिंग लाइन्सनी त्या काळात जहाजंच्या जहाजं कॅन्सल केली, आम्ही त्याला ब्लँक सेलिंग म्हणतो, त्यामुळे जे डबे जिथे होते तिथेच राहिले, अमेरिकेतल्या आतल्या शहरांत, आफ्रिकेतल्या बंदरांत, युरोपातल्या गोडाऊनच्या आवारात. मग चीनचे कारखाने बाकीच्यांच्या आधी सुरू झाले, २०२० च्या उत्तरार्धात अमेरिकेतून ऑर्डरींचा पाऊस, आणि चीनहून अमेरिकेला जाणाऱ्या डब्याला एवढं भाडं मिळायला लागलं की लाइन्सना परतीच्या वाटेवर अमेरिकेतला सोयाबीन, बदाम, गवत भरण्यात वेळ घालवणं परवडेना, त्यांनी रिकामे डबे उचलून सरळ चीनला पाठवले. अमेरिकन शेतकरी बोंबलत राहिले. आपले एक्स्पोर्टरही.

आमच्याकडे काय व्हायचं ते सांगतो. एक्स्पोर्टचं बुकिंग मिळालं की ट्रेलर एम्प्टी यार्डात जातो आणि डबा उचलायच्या आधी माणूस आत शिरतो, बाहेरून दोन्ही दारं बंद करून घेतो आणि अंधारात उभा राहून वर आणि बाजूला बघतो, कुठून उजेडाचा ठिपका दिसला तर तिथे भोक आहे, पाणी आत येणार, डबा रिजेक्ट. नेहमीच्या दिवसांत खाण्याच्या मालाला सरळ दुसरा डबा मागायचा, गंज असला, आत आधीच्या केमिकलचा वास असला तरी नाही म्हणायचं. २०२१ मध्ये तो ठिपका दिसला तरी लोक म्हणायचे राहू दे, पॅच मारून घेऊ, टेप लावू, उचल आधी, कारण मागे पंधरा ट्रेलर रांगेत आणि सोडलेला डबा परत मिळायची गॅरंटी नाही. हे बघितल्यावर मला महागाईचा वेगळा पुरावा लागत नव्हता. भाव वाढतात तेव्हा क्वालिटीही गुपचूप खाली सरकते, आणि ती कुठल्या इंडेक्समध्ये येत नाही.

रेट शीटचंही तसंच. पूर्वी रेट दिला की महिनाभर, कधी तीन महिने चालायचा. तो पंधरा दिवसांवर आला, मग आठवड्यावर, मग फक्त त्या एका जहाजापुरता. ओशन फ्रेटच्या खाली सरचार्जची शेपटी वाढत गेली, पीक सीझन सरचार्ज, इक्विपमेंट इम्बॅलन्स सरचार्ज, कंजेशन सरचार्ज, आणि वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट असलेल्या पार्टीलाही सांगायचे की कॉन्ट्रॅक्ट आहे पण जागा नाही, प्रीमियम भरा मग बघू. त्यातून बुकिंग कन्फर्म झालं तरी माल पुढच्या जहाजावर ढकलायचे, त्याला रोलओव्हर म्हणतात. ज्याचं लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे माल ठरल्या दिवशी चढला तरच बँक पैसे देणार असं पत्र, तारखेला बांधलेलं त्याचे काय हाल झाले असतील विचार करा.

ड्रूरी नावाची लंडनची कन्सल्टन्सी आहे, तिचा चाळीस फुटी कंटेनरच्या भाड्याचा इंडेक्स सगळे बघतात. २०१९ ची सरासरी १,४२० डॉलर होती, सप्टेंबर २०२१ मध्ये तो १०,३७७ वर गेला. सात पटीहून जास्त. आता लोकांना वाटतं सात पट भाडं म्हणजे माल निदान दुप्पट तरी झाला असेल. अजिबात नाही. लॉस एंजेलिस बंदराने २०१९ मध्ये साधारण ९३ लाख टीईयू (वीस फुटी डब्याच्या मापात मोजणी) हाताळले आणि २०२१ मध्ये विक्रम केला तो साधारण १०७ लाखांचा, म्हणजे वाढ चौदा-पंधरा टक्के. गणपतीत कोकणात जाणाऱ्या खासगी बसचं तिकीट आठवा, प्रवासी तिप्पट झाले म्हणून तिकीट तिप्पट होत नाही, चाळीस सीटच्या बसला पन्नास जण आले की शेवटच्या सीटसाठी जो सगळ्यात जास्त द्यायला तयार त्याचा भाव सगळ्यांना लागतो. ही गोष्ट डोक्यात पक्की बसवा कारण पुढची निम्मी कोडी याने सुटतात. बाजाराचा भाव सरासरी गिऱ्हाईक ठरवत नाही, शेवटचा गरजू ठरवतो.

आणि गंमत म्हणजे तुंबलं की कपॅसिटी आपोआप घटते. लॉस एंजेलिस आणि लाँग बीचच्या बाहेर जानेवारी २०२२ मध्ये शंभराहून जास्त कंटेनर जहाजं रांगेत होती. जहाज समुद्रात नांगर टाकून बसलं की ते जहाज नसल्यासारखंच, त्यातले डबे नसल्यासारखेच. बंदरात डबा उतरला तर पुढे न्यायला चॅसिस (डबा ठेवून ओढायचा चाकांचा सांगाडा) नाही, चॅसिस आहे तर ड्रायव्हर नाही, ड्रायव्हर आहे तर गोडाऊन भरलेलं, म्हणून तो डबा चॅसिससकट गोडाऊनच्या बाहेर उभा. म्हणजे डबाही अडकला आणि चॅसिसही. त्यात मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन नावाचं जहाज सुएझमध्ये आडवं होऊन सहा दिवस बसलं, मे-जूनमध्ये चीनचं यांतियान बंदर मंदावलं, ऑगस्टमध्ये तिथल्याच निंगबो बंदराचं एक टर्मिनल कोविडच्या एका केसमुळे बंद. आणि जहाजावरची माणसं? २०२० च्या शेवटी जवळपास चार लाख खलाशी करार संपूनही जहाजावरच अडकलेले होते कारण कुठला देश उतरू देईना, त्यात आपल्या कोकणातली, मुंबईतली पोरं किती होती ते त्यांच्या घरच्यांना विचारा. आणि तेवढेच बदली खलाशी घरी बिनपगारी बसलेले. माणसं होती, जिथे हवी होती तिथे नव्हती.

हा झाला अर्धा भाग. आता पैसा.

अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये बेरोजगारी पंधरा टक्क्यांच्या जवळ गेली, खरं आहे. पण सरकारने मार्च २०२० मध्ये सव्वादोन लाख कोटी डॉलरच्या आसपासचं पॅकेज दिलं, घरटी नाही तर माणशी १,२०० डॉलरचे चेक, बेकारी भत्त्यावर आठवड्याला ६०० डॉलर जास्तीचे. मग डिसेंबर २०२० मध्ये अजून ६००, मार्च २०२१ मध्ये अजून १,४००. खालच्या पगाराच्या बऱ्याच लोकांना कामावर मिळायचे त्यापेक्षा घरी बसून जास्त मिळत होते. पगाराची नोकरी गेली पण हातात येणारा पैसा गेला नाही, हे तिथल्या कोड्याचं निम्मं उत्तर आहे. आणि खर्च करायला जागा नाही, हॉटेल बंद, विमान बंद, सलून बंद, त्यामुळे एप्रिल २०२० मध्ये अमेरिकन लोकांचा बचतीचा दर तीस टक्क्यांच्या वर गेला होता, त्याआधी तो सात-आठ टक्के असायचा. फेड म्हणजे अमेरिकेची रिझर्व्ह बँक, तिच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेच्या अंदाजाप्रमाणे ऑगस्ट २०२१ पर्यंत त्यांच्याकडे नेहमीपेक्षा दोन लाख कोटी डॉलरहून जास्त बचत साचली होती.

हा पैसा गेला कुठे? सर्व्हिसवर जाऊ शकत नव्हता म्हणून वस्तूंवर गेला. जिम बंद तर घरात ट्रेडमिल, ऑफिस बंद तर टेबल-खुर्ची-मॉनिटर, फिरायला जाता येत नाही तर अंगणात फर्निचर. केस कापायला कंटेनर लागत नाही, ट्रेडमिलला लागतो. एकूण खर्च तेवढाच राहिला असता तरी तो सलूनमधून उठून जहाजावर आला असता, आणि जहाजांची संख्या सहा महिन्यांत वाढत नाही, नवीन जहाज बांधायला दोन-तीन वर्षं जातात. म्हणून मी म्हणतो की सप्लाय तुटला की डिमांड वाढली हा वाद घालण्यात फारसा अर्थ नव्हता, मागणी एका खोलीतून उठून दुसऱ्या खोलीत गेली आणि त्या खोलीचं दार अरुंद होतं.

आपल्याकडे चेक वाटले नाहीत, रेशनवर पाच किलो धान्य फुकट दिलं, गॅरंटीवर कर्ज दिलं. म्हणून आपल्याकडे ट्रेडमिलचा पूर आला नाही, आपल्याकडे महागाई आली ती खाद्यतेल, पेट्रोल-डिझेल, भाडं आणि कच्च्या मालाच्या वाटेने. आजार तोच दिसला तरी कारण वेगळं होतं.

मध्येच एक उलटं उदाहरण देतो म्हणजे मुद्दा पटेल. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेत कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. म्हणजे तेल घे आणि वर पैसेही घे. तेल काय फुकट झालं होतं का जगात? नाही, त्या कॉन्ट्रॅक्टची डिलिव्हरी ओक्लाहोमातल्या कुशिंगला घ्यावी लागते, दुसऱ्या दिवशी कॉन्ट्रॅक्ट संपणार, आणि कुशिंगच्या टाक्यांमधली मोकळी जागा आधीच बुक झालेली. ज्याच्याकडे टाकी नाही त्याच्यासाठी तेल म्हणजे कचरा. त्याच वेळी युरोपातलं ब्रेंट तेल वीसेक डॉलरला होतं, कारण ते समुद्रात मिळतं, जहाजात साठवता येतं. आपल्या एमसीएक्सवर, म्हणजे मुंबईच्या कमॉडिटी एक्स्चेंजवर, एप्रिलचा वायदा उणे २,८८४ रुपयांना सेटल झाला, कारण आपल्या वायद्याचा शेवटचा भाव तिकडच्या भावाला बांधलेला, आणि लॉकडाऊनमुळे आपला बाजार संध्याकाळी पाचला बंद झालेला, तिकडची पडझड त्यानंतर. पाचला झोपायला गेलेला ट्रेडर सकाळी कर्जबाजारी उठला. भाव पडला होता जागेचा, तेलाचा नव्हे.

चिपची गोष्ट आता सगळ्यांना माहितीये म्हणून पटकन उरकतो. गाड्या विकल्या जाणार नाहीत म्हणून २०२० च्या उन्हाळ्याच्या आसपास कार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी कॅन्सल केल्या, त्या लाइनी लॅपटॉप-फोनवाल्यांनी पकडल्या, सहा महिन्यांत गाड्यांना मागणी परत आली तर हे रांगेच्या शेवटी. काही शे रुपयांची चिप नाही म्हणून दहा लाखांची गाडी कारखान्याच्या आवारात उभी. नवीन गाडी नाही म्हणून लोक जुनीकडे वळले आणि जून २०२१ मध्ये अमेरिकेत सेकंडहँड गाड्यांचे भाव वर्षभरात ४५ टक्के वर होते. जुनी गाडी म्हणजे उसाच्या चिपाडाचा भाव वाढल्यासारखंच, पण वाढला. आपल्याकडे मारुतीने सप्टेंबर २०२१ साठी जाहीर केलं होतं की उत्पादन नेहमीच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास राहील.

मग सेंट्रल बँकांना हे दिसलं नाही का? दिसलं, पण त्यांनी फक्त तुंबलेल्या वाटेकडे बघितलं. वाट मोकळी झाली की भाव उतरतील, तात्पुरतं आहे, असं फेडचे तेव्हाचे प्रमुख पॉवेल म्हणत राहिले आणि ३० नोव्हेंबर २०२१ ला त्यांनी तो शब्द सोडून दिला. दुसरीकडे अमेरिकेचे माजी अर्थमंत्री लॅरी समर्स यांच्यासारखे लोक होते जे फक्त पैशाकडे बघत होते, त्यांनी २०२१ च्या सुरुवातीलाच सांगितलं होतं की एवढा पैसा ओताल तर महागाई येणार, आणि ती आली. दोघांनाही निम्मं-निम्मं दिसत होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि गॅस, गहू, सूर्यफूल तेल, खत सगळं एकदम पेटलं. जून २०२२ मध्ये अमेरिकेची महागाई ९.१ टक्के, ऑक्टोबर २०२२ मध्ये युरोझोनची १०.६ आणि ब्रिटनची ११.१. आपल्याकडे एप्रिल २०२२ मध्ये ७.७९ टक्के, आणि रिझर्व्ह बँकेने ४ मे २०२२ ला ठरलेल्या बैठकीची वाट न बघता रेपो वाढवला, तो ४ वरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्क्यांवर नेला. फेडने मार्च २०२२ ते जुलै २०२३ मध्ये शून्यावरून सव्वापाच-साडेपाचवर.

आता दुसरा प्रश्न, मंदी का नाही आली. इथे समर्स चुकले. जून २०२२ मध्ये ते म्हणाले होते की महागाई आटोक्यात आणायची तर पाच वर्षं बेरोजगारी पाच टक्क्यांच्या वर ठेवावी लागेल. प्रत्यक्षात काय झालं, जानेवारी २०२३ ला अमेरिकेची बेरोजगारी ३.४ टक्के, १९६९ नंतरची सगळ्यात कमी, आणि जून २०२३ पर्यंत महागाई ९ वरून ३ टक्क्यांवर. मोठमोठ्या लोकांनी तोंडात बोटं घातली.

पण हे कंटेनरच्या बाजूने बघा. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत साधारण १ कोटी २० लाख जागा रिकाम्या होत्या, एका बेरोजगारामागे जवळपास दोन नोकऱ्या. म्हणजे माणसांचा रोलओव्हर चालू होता, प्रत्येक मालक दुसऱ्याची माणसं जास्त पगार देऊन ओढत होता, शेवटच्या सीटचा भाव. फेडच्या बोर्डावरचे ख्रिस्तोफर वॉलर त्या वेळी म्हणत होते की मागणी थोडी दाबली तर आधी या रिकाम्या जागा कमी होतील, बसलेल्या माणसाला उठवायची गरज पडणार नाही, आणि यावरून त्यांचा अर्थतज्ज्ञ ब्लँचार्ड आणि समर्सच्या गटाशी चांगलाच वाद झाला. २०२४ च्या मध्यापर्यंत रिकाम्या जागा ८० लाखांच्या आसपास आल्या आणि बेरोजगारी चारच्या थोडी वर. वॉलर बरोबर निघाले. बसमधून दहा जण उतरले नाहीत, स्टँडवर वाट बघणारे दहा जण कमी झाले. बाहेरून आलेल्या मजुरांनीही मदत केली, ते तिकडे राजकारणात कुणी मोठ्याने बोलत नाही.

दुसरं कारण घरांच्या कर्जाचं. आपल्याकडे होमलोन बहुतेक फ्लोटिंग, रेपो वाढला की हप्ता नाहीतर मुदत वाढते, बँकेचा मेसेज येतो की तुमचं लोन आता २०४१ ऐवजी २०४७ ला संपेल आणि आपण कपाळाला हात लावतो. अमेरिकेत तीस वर्षं फिक्स. जानेवारी २०२१ मध्ये तिकडे सरासरी दर २.६५ टक्क्यांपर्यंत खाली आला होता, ज्यांनी तेव्हा कर्ज घेतलं किंवा बदलून घेतलं त्यांना ऑक्टोबर २०२३ चा ७.७९ टक्क्यांचा दर टीव्हीवरच दिसला, खिशात नाही. व्याजदर वाढवण्याचं हत्यार त्यांना लागलंच नाही. लागलं ते नवीन घर घेणाऱ्या पोरांना, आणि सिलिकॉन व्हॅली बँकेसारख्यांना, ज्यांनी स्वस्त व्याजाच्या काळातले लांब मुदतीचे बाँड भरून ठेवले होते आणि मार्च २०२३ मध्ये ठेवीदार पैसे मागायला आल्यावर ते तोट्यात विकायची पाळी आली.

आणि अमेरिकेत सॉफ्ट लँडिंग झालं, म्हणजे मंदी न येता महागाई उतरली, म्हणून जगात झालं असं नाही. डॉलरचं व्याज वाढलं की डॉलर घरी परततो, आणि ज्यांनी डॉलरमध्ये कर्ज घेतलंय त्यांची मान आवळली जाते. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्ज फेडणं थांबवलं. त्यांच्या स्वतःच्या चुका होत्याच, २०१९ ला कर कापले, २०२१ ला रासायनिक खतावर एकदम बंदी घातली, त्यात टुरिझम बुडालेला. कोलंबो बंदरात डबे येऊन पडलेत आणि इम्पोर्टरकडे डॉलर नाहीत म्हणून सुटत नाहीत, असं तिथले आमचे एजंट फोनवर सांगायचे. डाळ दारात, पण डॉलर नाही म्हणून उपाशी. डिसेंबर २०२२ ला घानानेही हात वर केले. मंदी आली, फक्त पत्ता वेगळा होता. उलट ज्या शिपिंग लाइन्सच्या हातात ती अरुंद वाट होती त्यांचं बघा, एकट्या मर्स्कचा २०२२ चा नफा २९ अब्ज डॉलरच्या वर होता. मला त्यांचा राग नाही, आधीची बरीच वर्षं त्यांनी तुटपुंज्या नफ्यावर, कधी तोट्यातही काढली होती आणि तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पण छोट्या एक्स्पोर्टरचं वर्षाचं मार्जिन एका रोलओव्हरमध्ये जायचं हेही खरं.

चीनचं कोडं याच्या बरोबर उलटं आहे आणि मला ते सगळ्यात जास्त आवडतं. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी झिरो कोविड, म्हणजे एक केस निघाली तरी सगळं बंद करायचं धोरण, सोडलं तेव्हा सगळे म्हणाले आता १.४ अब्ज लोक खरेदीला बाहेर पडणार, परत महागाई. काहीच झालं नाही. जुलै २०२३ मध्ये तिकडे भाव वर्षभरापूर्वीपेक्षा कमी होते, तरुणांची बेरोजगारी जूनमध्ये २१.३ टक्के निघाली आणि मग काही महिने तो आकडा छापणंच बंद केलं. कारण साधं आहे, तिकडे घरी चेक आले नव्हते, सरकारने पैसा ओतला तो कारखान्यांत आणि बांधकामात, आणि २०२१ मध्ये एव्हरग्रँड ही बडी बिल्डर कंपनी बुडाल्यापासून सामान्य माणसाची सगळी बचत ज्या फ्लॅटमध्ये अडकली होती त्याची किंमत घसरत होती. वाट मोकळी, कारखाना चालू, हातात पैसा नाही. मग तो माल बाहेर स्वस्तात जातो, आणि आपले स्टीलवाले, केमिकलवाले अँटी-डंपिंग ड्युटीसाठी, म्हणजे अशा स्वस्त मालावर जादा कर लावून घ्यायला, दिल्लीच्या चकरा मारतात.

तिसरा प्रश्न राहिला, भाव खाली का नाही आले. इथे बऱ्याच लोकांची गल्लत होते. महागाई ९ वरून ३ वर आली म्हणजे भाव वाढायचा वेग कमी झाला. १०० ची वस्तू १०९ झाली आणि पुढच्या वर्षी ११२, तर सरकार म्हणणार महागाई ३ टक्के, आणि गिऱ्हाईक म्हणणार मला तर १२ जास्त पडतायत. दोघेही खोटं बोलत नाहीत. पण मग आमचं भाडं कसं काय उतरलं, ड्रूरीचा इंडेक्स २०२३ मध्ये परत दीड हजारांच्या खाली आला होता? कारण जहाजातली जागा रोज लिलावात विकली जाते, जहाज सुटलं की रिकामी जागा वाया, म्हणून ती जशी चढते तशी आपटते. पगार तसा आपटत नाही. ड्रायव्हरचा पगार एकदा वाढवला की कमी करून बघा, दुसऱ्या दिवशी गाडी यार्डातच. भाडेकरार, इन्शुरन्स, शाळेची फी, हॉटेलातली थाळी, हे सगळं चढताना एकेक पायरी चढतं आणि वर गेल्यावर तिथेच घर करतं. जे भाव लिलावाने ठरतात ते उतरले, जे माणसाने बसून ठरवले ते राहिले. तुमच्या बिलात दुसऱ्या प्रकारचे जास्त असतात.

आता शेवटचा मुद्दा, कारण यावर लोक मला सांगतात की हे सगळं मागाहून जुळवलेलं आहे. तर २०२३ च्या शेवटी येमेनच्या हूथी बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, लाइन्सनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. नाशिकची द्राक्षं जानेवारी ते एप्रिलमध्ये रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या, कंटेनरने रॉटरडॅमला जातात, त्यांना दहा-पंधरा दिवस जास्त लागायला लागले, आणि द्राक्षाला पंधरा दिवस म्हणजे काय ते बागायतदाराला विचारा, देठ वाळतं, मणी गळतात, तिकडचा इम्पोर्टर क्लेम लावतो. जुलै २०२४ मध्ये ड्रूरीचा इंडेक्स ५,९०० डॉलरच्या आसपास गेला, म्हणजे कोविडच्या शिखराच्या निम्म्याहून जास्त. त्या वेळी मला कितीतरी इम्पोर्टर विचारत होते की परत २०२१ होणार का, आत्ताच दुप्पट माल भरून ठेवू का. पण या वेळी अमेरिकन माणसाची साठलेली बचत संपलेली होती, तो परत हॉटेलात आणि विमानात पैसे घालवत होता, आणि २०२१ च्या नफ्यातून मागवलेली नवीन जहाजं नेमकी त्याच वेळी पाण्यात उतरत होती. तेव्हा वाट अडलेली होती पण मागून ढकलणारा पैसा नव्हता, म्हणून मी त्यांना म्हटलं रोजच्या गरजेपुरता भरा. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेची महागाई २.४ टक्के होती आणि ऑक्टोबरमध्ये तो इंडेक्स साडेतीन हजारांच्या खाली आलेला होता, हूथी तिथेच होते आणि जहाजं अजूनही आफ्रिकेला वळसा घालूनच जात होती.